प्रकरण चौदावे : दुसरं रोस्तोव

रविवारी सकाळी पास्त्यासाठी लाटलेली अंड्याची पोळी कापण्याइतकी सुकली की नाही, हे ठरवायचा मान तास्सोनींच्या घरात नेल्लोचा होता. लाटायची इओलेनं, शिजवायची इओलेनं, भांडीही घासायची इओलेनंच, पण फळीवर अंथरलेल्या त्या पातळ पिवळ्या पोळीला बोट लावून "ताया!" म्हणायचं ते मात्र नेल्लोनं. बोलोन्याच्या बोलीत ताया म्हणजे काप. पोळी केव्हाची सुकली आहे हे इओलेला लांबून बघूनही कळायचं, तरी ती थांबायची. गेलं वर्षभर तर जास्तच मुकाट्यानं थांबायची, कारण त्या एका शब्दाखेरीज रविवारी नवऱ्याच्या तोंडून दुसरं काही बाहेर पडेल याचा भरवसा उरला नव्हता.

"ताया," तो आजही म्हणाला, बोटाचं पीठ विजारीला पुसलं आणि परसात निघून गेला.

इओलेनं सुरी उचलली तोच मुलगा आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं.

"आई, आज विचार त्यांना."

"तूच विचार की. तुझेच वडील आहेत."

"मी तीनदा विचारलं. तीनदा ते टोमॅटोला पाणी घालायला उठून गेले. नोव्हेंबरात कसले टोमॅटो, आई?" इवानोनं आवाज खाली आणला. "आज दत्तक-संस्थेच्या बाईंचा फोन येणारय. मूल कोणतं, किती वर्षांचं, सगळं सांगतील. संध्याकाळपर्यंत आपण हो म्हणायचं, नाहीतर पुढच्या जोडप्याला विचारतील. आणि बाबा हो म्हणाले नाहीत, तर मी नाही म्हणून कळवणारय."

इओलेची सुरी थांबली.

"एकाच जिन्यावर राहतो आपण, आम्ही वर, तुम्ही खाली," इवानो म्हणाला. "ते पोर दिवसातनं दहादा वर-खाली करणार. आणि खाली त्याला बघून कुणी तोंड फिरवणार. मला नाही बघवायचं ते."

"मार्झियाला सांगितलंस हे?"

"नाही अजून."

"सांगूही नकोस. बायको आहे तुझी, ती तुला ह्याच सुरीनं कापेल, आणि मी फळी धरून उभी राहीन."

तो हसला, पण नुसताच ओठांनी. आजी व्हायची इओलेला इतकी घाई झाली होती की बाजारात परक्या बाळांच्या गाड्यांवर ती ओणवी व्हायची आणि आया दचकून गाडी पुढे ढकलायच्या.

नेल्लोनं या विषयावर एकदाच तोंड उघडलं होतं, मागच्या वर्षी. "पाच-सहा वर्षांचं पोर म्हणजे काही कोरी पाटी नसते," तो म्हणाला होता. "त्याच्या कानात काय काय शिरून बसलेलं असेल, आपल्याला काय ठाऊक?" दुसरा कुणी असता तर 'मनात' म्हणाला असता. पण नेल्लो गावच्या देवळातला घंटावाला. आजोबांपासून धाकट्या घंटेच्या दोरीवर हात तास्सोनींचाच, त्यामुळे माणसाचं जे काही असतं ते कानातच असतं, असा त्याचा हिशेब.

त्यावर उपाय संस्थेच्या बाईंनीच सुचवला होता. मूल तिकडचं सगळं सोडून तुमच्याकडे येणार, तर निदान ते काय सोडून आलं एवढं तरी तुम्ही आधी शिकून घ्या. मूल रशियातल्या रोस्तोवहून मिळेल असं त्या म्हणाल्या मात्र, नेल्लो सोडून अख्खं घर रोस्तोवच्या मागे लागलं. नकाशात डॉन नदीकाठी मोठ्ठा ठिपका सापडला. मार्झिया औषधांच्या दुकानातून घरी आली की रशियन धडे घोकायची. डॉनकाठचा उन्हाळा कडक असतो म्हणून इओलेनं सहा सुती टोप्या विणल्या. आणि इओलेचा भाऊ ग्वाल्तिएरो, न्हाव्याचं दुकान बंद करून घरी बसलेला, बिनलग्नाचा, तो तर पुरता डॉनकाठचा लढवय्या घोडेस्वार, कोसॅकच झाला.

तो आता परसातून आत आला तो कोसॅकांची केसाळ टोपी घालून, आणि चिमट्यात पेटतं लाकूड धरून.

"बाजूला व्हा! बाजूला व्हा!"

"अरे, हे काय आणलंस घरात?"

"डॉनचं माशांचं सार आहे हे, इओले. शेवटी त्यात जळता ओंडका बुडवायचा. त्याशिवाय ते सार नव्हेच, नुसतं माशाचं पाणी."

"माझ्या पातेल्यात?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

चर्र झालं आणि स्वयंपाकघरात धूर झाला. इतका, की मार्झिया वरून धावत आली, इवानोनं खिडक्या उघडल्या, आणि समोरच्या घरातून नेल्लोची बहीण झेलिंदा हातात पाण्याची बादली घेऊन हजर झाली. झेलिंदाला जेवायला बोलावलेलंच होतं, पण बादलीसकट नव्हे.

"म्हटलं, आज खरंच पेटलं घर," ती म्हणाली. बादली तिनं दाराशी ठेवली आणि परसातून येऊन टेबलाशी बसलेल्या भावाच्या शेजारची खुर्ची धरली. भावाचं मत काय आहे हे न विचारताही ती त्याच मताची असायची. "नेल्लो, या धुरात बसणारेस तू?"

नेल्लोनं खुर्ची पुढे ओढली. सारही त्यानं दोनदा घेतलं. धुराच्या वासाचं ते सार खरोखरच झकास झालं होतं, आणि ग्वाल्तिएरोचा आनंद गगनात मावेना. तो उठून बसक्या बसक्या नाचाची एक गिरकी दाखवायला गेला, गुडघा कटकन वाजला, आणि तो टेबलाला धरून तसाच बसून राहिला.

"उठ मामा," इवानो म्हणाला.

"उठायचा भाग अजून शिकायचाय."

मार्झिया पोट धरून हसत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला, आणि हसू तिच्या चेहऱ्यावर जागच्या जागी थिजलं. तिनं फोन टेबलाच्या मधोमध, चिजाच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि स्पीकर लावला.

"मुलगी आहे," संस्थेच्या बाई म्हणाल्या. "पाच वर्षांची. तब्येतीनं ठणठणीत. जरा अबोल आहे, पण हट्टी, असं तिथल्या बाई सांगतात. नाव तायसिया. सगळे तिला ताया म्हणतात."

"काय म्हणतात?" ग्वाल्तिएरोनं खालूनच विचारलं.

"ताया."

आधी इओलेच्याच तोंडून फुर्र झालं. मग इवानो. मग ग्वाल्तिएरो खाली फरशीवर आडवा. झेलिंदासुद्धा रुमाल तोंडाला लावून खदखदली आणि आपण कुणाच्या बाजूच्या ते आठवून एकदम गंभीर झाली. मार्झिया मोदेनाकडची, तिच्याही बोलीत तो शब्द तोच, पण हसतानाच तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"म्हणजे," नेल्लो हळूच म्हणाला, "मी आता माझ्या घरात पोळी काप म्हणायचं नाही?"

"हॅलो? आहात ना तुम्ही?" फोनमधून बाई म्हणाल्या.

"आहोत, आहोत!" इओले फोनकडे वाकून ओरडली. "घरात जरा आनंद झालाय! बाई, मी तिच्यासाठी सहा टोप्या विणल्यात, सुती!"

"सुती कशाला? तिथे आता तळं गोठायला आलंय."

"डॉनला कुठलं तळं?"

"डॉन कुठून आली मध्येच?"

"रोस्तोव ना! डॉनकाठचं!"

पलीकडे बाईंनी लांब श्वास घेतलेला सगळ्यांना ऐकू आला. "अहो, ते नव्हे. ते दुसरं. आपलं रोस्तोव वेलिकी. यारोस्लाव्लजवळचं. वेलिकी म्हणजे थोरलं."

"म्हणजे आम्ही धाकट्याचा अभ्यास केला?" ग्वाल्तिएरो.

"नाही, थोरलं आहे ते छोटंसं गाव. डॉनवरचं आहे ते मोठं शहर."

"थोरलं ते छोटं, आणि नुसतं ते मोठं," झेलिंदा म्हणाली. "आणि ह्या लोकांकडून आपण पोर आणायचं!"

बाईंनी संध्याकाळची आठवण करून दिली आणि फोन ठेवला. ग्वाल्तिएरोनं डोक्यावरची केसाळ टोपी काढली, मांडीवर ठेवली, थोपटली. "उन्हाळ्यापासून कोसॅक होतो मी," तो म्हणाला. "न्हावीसुद्धा इतक्या मनापासून नव्हतो."

पुन्हा हशा उसळला असता. पण झेलिंदानं छातीवर क्रूसाची खूण केली. "हा इशारा आहे. देव काही रोज फोन करत नाही. चुकीचं गाव दाखवलं, म्हणजे थांबा म्हणतोय तो."

"देवानं नाही दाखवलं, आत्या, नकाशात आम्हीच बघितलं," इवानो म्हणाला.

"गाव चुकलं," नेल्लो म्हणाला. मघाचा पोळीचा प्रश्न सोडला तर वर्षभरानंतर त्यानं आपणहून सुरू केलेलं ते पहिलं बोलणं. "एवढे दिवस शिकलात ते सगळं भलत्याच गावाचं. म्हणजे ती पोर काय ऐकत वाढलीये ते तुम्हाला माहीत नाही. मलाही नाही. मी ते आधीपासून सांगत होतो, एवढंच."

तो ओरडला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. इवानोनं आईकडे पाहिलं, आणि तो नाही म्हणायच्या तयारीत आहे हे इओलेला स्वच्छ दिसलं. ती घाबरली. मनात तिनं सगळ्या संतांना एका दमात हाक मारली, ज्यांच्याशी तिचं पटत नव्हतं त्यांनासुद्धा.

मार्झिया उठली. ती जिना चढून वर गेली तेव्हा इओलेला वाटलं, गेली रडायला. पण ती लॅपटॉप घेऊन खाली आली, ताटं सरकवली आणि तो उघडला.

"संध्याकाळ व्हायला वेळ आहे," ती म्हणाली. "आता हे रोस्तोव शिकू. मामा, टोपी घाला. तिथे थंडी आहे."

"हे बरंय की! टोपी फुकट नाही गेली!"

"तळं आहे. नीरो नावाचं."

"शी! रोम जाळणारा?" झेलिंदा.

"तो नाही, आत्या. गावात मीनाकाम करतात, दागिन्यांवर. कांदे पिकवतात. फार कांदे."

"कांदेवाल्यांची पोर," इओले घाईघाईनं म्हणाली. "म्हणजे रडायचं ते सगळं तिकडेच रडून झालं असेल."

"आणि घंटा," मार्झियानं वाचलं. "इथल्या घंटा प्रसिद्ध आहेत."

नेल्लो चिजाचा तुकडा तोंडात टाकणार होता. तो हात तसाच राहिला.

"किती?"

"पंधरा."

"एका मनोऱ्यात?"

"मनोरा नाहीये. लांब भिंतीसारखी इमारत आहे, तिच्यात ओळीनं टांगल्यात. सगळ्यात मोठी बत्तीस टनांची."

"खोटं." गावातली थोरली घंटा टनभराची, आणि ती झुलवायला दोन गडी लागायचे. "बत्तीस टन कोण झुलवणार?"

"तिचं नाव सिसोय. ज्या धर्मगुरूनं ती ओतवून घेतली, त्यानं आपल्या बापाचं नाव दिलं तिला."

नेल्लोनं एकदा इवानोकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली. बाराव्या वर्षी मनोऱ्यावर नेलेला इवानो घंटांच्या तुळईपाशी पोचायच्या आतच चक्कर येऊन ओकला होता. त्यानंतर त्याला पुन्हा वर चढवायचं नाव नेल्लोनं काढलं नव्हतं, आणि धाकट्या घंटेची दोरी पुढे कुणाच्या हातात जाणार हा विषयही घरात निघाला नव्हता.

"लाव," नेल्लो म्हणाला. "वाजवतात ते ऐकू दे."

बारक्या स्पीकरमधून आधी वाऱ्याचा आवाज आला. मग एक घुमारा उठला, इतका खोल की टेबलावरचे चमचे हलले नसले तरी हलल्यासारखे वाटले. मग वरून लहान घंटांची किणकिण सुरू झाली, दुडदुड, दुडदुड. इओलेला ते ऐकून नाचावंसं वाटलं. नेल्लो पडद्याला नाक लावून बघत होता.

"घंटा हलत का नाहीयेत?"

"तिथे घंटा हलवत नाहीत," मार्झिया म्हणाली. "ती तशीच राहते. आतली जीभ दोरीनं ओढतात. जीभच म्हणतात तिला."

"काय करतात?"

"जीभ ओढतात, नेल्लो."

नेल्लो उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"घंटा उभी आणि जीभ ओढतात? अरे, घंटेला झुलवायचं असतं! आपण तिच्या शेजारी तुळईवर उभं राहायचं, तिला वर न्यायचं, तोंड आभाळाकडे करायचं, श्वास रोखून तिथे थोपवायचं, आणि मग सोडायचं! ती स्वतःहून बोलली पाहिजे! हे काय? गाय बांधून ठेवायची आणि तिच्या शेपटीला झटके द्यायचे?" त्यानं पडद्यावर बोट आपटलं. "हे वाजवणं आहे? हे भांडी घासणं आहे! पुन्हा लाव."

मार्झियानं पुन्हा लावलं.

"बघा! बघा त्या दाढीवाल्याला! पायानंसुद्धा ओढतोय! पुन्हा लाव."

तिनं पुन्हा लावलं. चौथ्या खेपेला इओलेचं लक्ष नवऱ्याच्या डाव्या हाताकडे गेलं. तोंडानं तो शिव्या घालत होता आणि हाताची बोटं टेबलक्लॉथवर दुडदुड, दुडदुड वाजत होती, एकही ठोका न चुकता. तिनं ते कुणाला दाखवलं नाही.

"आणि हे," नेल्लो म्हणाला, "हे त्या पोरीच्या कानावर पडतंय?"

"पडत असणारच," मार्झिया म्हणाली. "ती त्याच गावात राहते."

"पाच वर्षं?"

"पाच वर्षं."

"आणि तुम्ही इथे सार भुरकत बसलायत!" तो अख्ख्या टेबलावर खेकसला. "कधी निघताय?"

"बाबा," इवानो म्हणाला, "त्यांना संध्याकाळपर्यंत..."

"संध्याकाळ कशाला? अजून एक दिवस हे ऐकत ठेवायचं तिला? सहा वर्षांपर्यंत कान सरळ करता येतो, पुढे घट्ट होतो. मला माझ्या बापानं सहाव्या वर्षी वर नेलं. लाव फोन!"

"आणि तिलाही चक्कर आली तर?"

ग्वाल्तिएरो टोपीचे केस उगाच सारखे करू लागला. नेल्लोनं पडलेली खुर्ची उचलली, नीट ठेवली, पण तो बसला नाही.

"आली तर आली. खाली उभी राहून ऐकेल. तुला चक्कर आली म्हणून मी तुला घराबाहेर काढलं होतं का?"

"बोलणं टाकलं होतंत."

"तेव्हा की आत्ता?"

"दोन्ही वेळा."

"मला बोलता येत नाही, इवानो," नेल्लो म्हणाला. "तुला माहितीये ते. तिची भाषा मला येत नाही. तुझी तरी कुठे धड आली? मला वाटायचं, पोर घरात येईल, माझ्याकडे बघेल, आणि मी तिला काय म्हणू? एक शब्द नाही माझ्याकडे." त्यानं लॅपटॉपकडे हात केला. "आता निदान भांडायला विषय आहे."

इवानो टेबलाला वळसा घालून गेला आणि बापाच्या गळ्यात पडला. असं या घरात लग्नाला आणि मयताला सोडून कधी झालं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही हात कुठे ठेवायचे ते कळेना. मार्झियानं तोवर फोन लावला होता. "हो," ती रशियनमध्ये म्हणाली, मग भान येऊन इटालियनमध्ये म्हणाली, मग पुन्हा रशियनमध्ये. पलीकडच्या बाई हसत होत्या.

"इशाराच होता," झेलिंदा रुमालानं डोळे पुसत म्हणाली. "घंटांच्या गावची पोर, घंटावाल्याच्या घरी. मी मघाशीच म्हटलं होतं ना?"

"तू थांबा म्हणाली होतीस," इओले म्हणाली.

"थांबा म्हणजे नीट बघा, असं."

ग्वाल्तिएरोनं टोपी चढवली आणि पुन्हा बसका नाच केला. या खेपेला इवानोनं त्याला एका हातानं आणि झेलिंदानं दुसऱ्या हातानं वर ओढलं, आणि उठायचा भागही शिकून झाला. इओलेनं सुती टोप्या काढून उसवायला घेतल्या, तर मार्झियानं तिचा हात धरला.

"उसवू नका, इओले. ती इथे येणारय. इथला उन्हाळा काय कमी आहे?"

एवढे महिने हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आणि दोघी पुन्हा हसत सुटल्या.

सगळे पांगले. तिकिटं बघायला नवरा-बायको वर गेली, झेलिंदा बादली घेऊन घरी गेली, ग्वाल्तिएरो टोपीसकट आपल्या दोस्तमंडळींना बातमी द्यायला चौकातल्या कॅफेत गेला. इओलेनं भांडी घासली, फळी खरवडून भिंतीला टेकवून उभी केली, सुरी पुसून ड्रॉवरमध्ये टाकली. नेल्लो खिडकीशी बसला होता. समोर देवळाचा मनोरा होता, आणि त्याची बोटं गुडघ्यावर ते रशियन दुडदुड अजून वाजवत होती.

"ताया," तो म्हणाला.

सवयीनं इओलेचा हात ड्रॉवरकडे गेला. तिनं तो उघडलासुद्धा. मग तिनं फळीकडे पाहिलं. फळी धुतलेली होती, भिंतीला उभी होती, कापायला काहीच उरलं नव्हतं.

"ताया," तो पुन्हा पुटपुटला, शेवट जरा लांबवून, चूक होईल या भीतीनं.

इओलेनं ड्रॉवर लोटला.

"असं नव्हे," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण, नेल्लो. वर जिन्यात ऐकू गेलं पाहिजे तिला."